वासुदेवाचा पेला थेंबाथेंबाने भरला तर रिकामा का होत नाही?

गोदाकाठ

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावरच्या पितळी भांड्यांच्या पेटीत सासूबाईंचा वासुदेवाचा पेला सापडला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या पितळी पेल्यात मधोमध वासुदेवाची मूर्ती असून त्याच्या डोक्यावरील टोपलीत बाळकृष्ण असतो. पेल्यात पाणी ओतत गेले की ते मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत चढते आणि कृष्णाच्या पायाला लागताच पेल्याच्या तळाच्या भोकातून धार सुरू होऊन सगळेच्या सगळे पाणी निघून जाते. यमुनेने बाळकृष्णाच्या पायाला स्पर्श केला आणि ती ओसरली, ही कथा त्यात अशी साकारलेली आहे. आमच्या घरी गोकुळाष्टमीला हा पेला बाहेर निघत असे आणि मुले तो पुन्हा पुन्हा भरत असत.

आत वाकवलेली नळी आहे आणि हा सायफनचा, म्हणजे उंचवटा ओलांडून पाणी खाली नेणाऱ्या नळीचा, प्रकार आहे, एवढे शाळेत शिकलेले आठवते. आमच्या पेल्याची नळी चांगली रुंद आहे, तिच्यात पेन्सिल जेमतेम जाईल. माझा प्रश्न मात्र वेगळा आहे. पेला चिंचेने घासून मी मोरीतल्या नळाखाली ठेवला होता. त्या नळाचा वायसर झिजल्यामुळे तो सेकंदाला एखादा थेंब गळत असतो. रात्री झोपताना पेला निम्मा भरला होता. सकाळी तो रिकामा मिळेल किंवा पुन्हा भरत आलेला असेल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पाणी बरोबर कृष्णाच्या पायाशी उभे होते. वरून एक थेंब पडत होता आणि खालच्या भोकातून एक थेंब गळत होता. दिवसभर लक्ष ठेवले, पण पातळी तसूभरही खाली गेली नाही. संध्याकाळी त्याच पेल्यात तांब्याने भसकन पाणी ओतले, तेव्हा आठ-दहा सेकंदांत तो नेहमीसारखा रिकामा झाला. म्हणजे पेला बिघडलेला नाही.

पाय तोच, पाणी तेच, पातळीही तीच असताना एका वेळी सगळे पाणी जाते आणि दुसऱ्या वेळी फक्त वरचे जास्तीचे पाणी गळते, हे कसे? माझ्या मनात दोन तर्क आले. पाण्याला पाणी चिकटून ओढले जाते असे म्हणतात, तर थेंबाथेंबाने जाणाऱ्या पाण्यात ही ओढ तुटत असावी, हा पहिला. वेगाने आलेले पाणी झोकात वळणावरून पलीकडे जाते आणि संथ पाण्यात तेवढा झोक नसतो, हा दुसरा. कोणता खरा आहे, किंवा दोन्ही चुकीचे आहेत का, हे जाणकारांनी सांगावे.

तांबट

ताई, आमचे घराणे तीन पिढ्यांपासून भांडी बाजारात पितळेच्या आणि तांब्याच्या कामात आहे, त्यामुळे या पेल्याचे पोट मी अनेकदा उघडे पाहिले आहे. त्याची घडण अशी असते की मूर्तीच्या आत काठीच्या मुठीसारखी वाकवलेली नळी असते. तिचे एक तोंड मूर्तीच्या पायथ्याशी पेल्याच्या आतच उघडते. दुसरी बाजू वळण घेऊन सरळ खाली येते आणि तळातून बाहेर पडते. वळणाची उंची कृष्णाच्या पायाशी जुळवून घेण्यातच सगळी कारागिरी आहे, कारण वळण दोन दोरे जरी वर गेले तरी पाणी कृष्णाच्या पायांवरून वर चढते आणि कथेतला अर्थच जातो.

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहा पेल्यांपैकी बहुतेकांचा दोष एकच असतो. नळी जिथे वाकवून झाळलेली असते तिथे झाळ सुटून सुईच्या टोकाएवढे भोक पडते. एवढ्याशा भोकाने पेला पूर्ण निकामी होतो. पाणी पायापर्यंत येते, थोडे गळते आणि थांबते, म्हणजे आपल्या गळक्या नळाखाली जे दिसले तेच. भोक बुजवले की पेला पुन्हा चालू लागतो. यावरून माझे मत असे की हा सगळा हवेचा खेळ आहे. वळणात हवा शिरली की पेला थांबतो. आपल्या पेल्यात भोक नाही, पण हवा दुसऱ्या वाटेने येत असली पाहिजे. ती वाट कोणती, एवढेच शोधायचे आहे.

द्राक्षबाग

मी दिंडोरी तालुक्यातला शेतकरी आहे. तांबटदादांचे म्हणणे मला पटते, कारण हे आम्ही शेतात रोज पाहतो. शेततळ्यातून किंवा पाटातून बांधावरून पाणी खालच्या वावरात उतरवायचे असेल तर मोटर लावत नाही. पाइप पूर्ण पाण्यात बुडवायचा, आतली हवा बुडबुड करीत निघून गेली की एक तोंड तळहाताने घट्ट दाबून बांधापलीकडे न्यायचे आणि खाली धरून हात काढायचा. काळा कडक पाइप असेल तर तो रात्रभर चालतो. मात्र एखाद्या जोडात फट असली की पाइप हवा धरतो आणि पाणी तुटते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. एकदा कडक पाइप नव्हता म्हणून आम्ही लपेटा, म्हणजे गुंडाळून ठेवायच्या मऊ, पाइपाने हाच प्रयोग केला. हात काढताच बांधाच्या माथ्यावरचा पाइप कापडासारखा चपटा झाला आणि पाणी बंद पडले. खालच्या उतारावर मात्र तो फुगलेलाच होता. माथ्यावर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला नसता, तर पाइप चपटा झालाच नसता. म्हणजे बाहेरची हवा पाण्याला दाबते आणि म्हणूनच ते वर चढते. विहिरीवरच्या मोटरचेही तसेच आहे. पाणी पंचवीस फुटांच्या खाली गेले की वर ठेवलेली मोटर कितीही दमदार असली तरी पाणी उचलत नाही, तिला विहिरीत खाली उतरवावे लागते. ओढण्याचे काम मोटरचे असते तर जास्त ताकदीच्या मोटरने जास्त खोलून ओढले असते.

निवृत्त अभियंता

द्राक्षबाग यांचे निरीक्षण उत्तम आहे. चपट्या झालेल्या लपेटा पाइपाइतका स्पष्ट पुरावा पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडतो. तरीही 'हवा ढकलते' एवढ्यावर थांबता येत नाही, आणि या प्रश्नावर भले भले अडखळलेले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हवेला वजन आहे आणि ती पाण्याला नळीत वर ढकलते, हे टॉरिचेल्लीने 1643 मध्ये पाऱ्याच्या नळीने दाखवले. पुढे 1648 मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी प्यूय द दोम या डोंगरावर नेली, तेव्हा उंचीवर पारा खाली उतरतो हे सिद्ध झाले. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 10.3 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. आपले नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे हा आकडा साधारण 9.6 मीटरवर येतो. कळसूबाईच्या 1646 मीटरच्या माथ्यावर तो साडेआठ मीटरच्या आसपास राहील. मोटरच्या पंचवीस फुटांचे, म्हणजे साडेसात मीटरांचे, कारण हेच आहे, कारण पाइपातले घर्षण आणि पाइपाच्या तळाशी बसवलेल्या फुटव्हॉल्व्हचा (एकेरी झडपेचा) अडथळा वजा जाता व्यवहारात तेवढेच हाती उरते.

आता दुसरी बाजू पाहू. पेल्यातल्या पाण्यावर हवा दाबते, तशीच ती बाहेरच्या तोंडाशीही दाबते. दोन्हीकडचा दाब जवळजवळ सारखाच असतो, किंबहुना खालच्या तोंडाशी तो केसभर जास्त असतो. मग पाणी एकाच दिशेने का जाते? कारण बाहेरचे तोंड आतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे आणि गुरुत्वाकर्षण पाण्याला तिकडे नेते. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील भौतिकशास्त्राचे अध्यापक स्टीफन ह्यूज यांनी 2010 मध्ये दाखवून दिले की, ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात सायफनचे चालकबल म्हणून हवेचा दाबच दिलेला होता आणि गुरुत्वाकर्षणाचा उल्लेख नव्हता. ह्यूज आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींच्या मते सायफन म्हणजे कप्पीवरून सरकणारी साखळी होय. लांब बाजू खाली जाते आणि आखूड बाजूला वर ओढून घेते. 2011 मध्ये तर निर्वात पात्रात, म्हणजे हवेचा दाब जवळजवळ नाही अशा ठिकाणी, सायफन चालवून दाखवण्यात आला. त्यासाठी जवळजवळ बाष्प न होणारा एक खास द्रव वापरला होता. 2015 मध्ये हवा काढून टाकलेल्या पाण्याचा 15 मीटर उंचीचा सायफन चालवला गेला, म्हणजे हवेच्या दाबाची मर्यादा ओलांडूनही पाणी तुटले नाही. स्वच्छ, बुडबुडेरहित पाणी खरोखरच ताण सहन करते.

मात्र साखळीच्या उपमेत एक खोट आहे. लांब बाजूचे पाणी वजनाने जड असते म्हणून ते खाली जाते, असे अनेक जण समजतात, आणि हे चूक आहे. आतली बाजू एक इंची पाइपाची आणि बाहेरची बाजू सलाइनच्या नळीची अशी जोडणी करून पाहा. आतल्या आखूड पाइपातले पाणी बाहेरच्या लांब नळीतल्या पाण्याच्या कितीतरी पट जड असेल, तरीही पाणी बाहेरच जाईल. इथे वजनाचा संबंध नाही, संबंध फक्त दोन पातळ्यांतील उंचीच्या फरकाचा आहे. साखळीचे असे होत नाही. तिच्यात जड बाजूच जिंकते.

प्रयोगवही

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. अभियंतासाहेबांचे वाचून मी कालच मुलांसमोर एक प्रयोग केला, कारण साखळी तुटली तरी सायफन चालतो की नाही याचे उत्तर त्यातून थेट मिळते.

काचेच्या बाटलीला रबरी बूच बसवून त्यात दोन भोके पाडली. एका भोकातून सलाइनची आखूड नळी आत नेली आणि तिच्या आतल्या टोकाला रिकाम्या रिफिलचा तुकडा बसवून तो बुचापासून बोटभर वर ठेवला. दुसऱ्या भोकात लांब नळी बसवली, पण तिचे आतले तोंड बुचाच्या पातळीवरच ठेवले. बाटली एकतृतीयांश भरून बूच लावले आणि ती उलटी करून स्टँडला बांधली. आखूड नळीचे तोंड टेबलावरच्या पेल्यात, शाई घातलेल्या पाण्यात, आणि लांब नळीचे तोंड जमिनीवरच्या बादलीत. लांब नळीतून पाणी वाहू लागताच बाटलीच्या आत निळ्या पाण्याचे कारंजे सुरू झाले. टेबलावरच्या पेल्यातले पाणी वर चढून बाटलीत उडत होते, हवेतून थेंब होऊन खाली पडत होते आणि लांब नळीवाटे बादलीत जात होते. पेला रिकामा होईपर्यंत हे चालले.

इथे पाण्याची साखळी बाटलीतल्या हवेत स्पष्ट तुटलेली होती. थेंब सुटे होते, एकमेकांना ओढणे त्यांना शक्यच नव्हते. तरीही पाणी वरच्या पातळीवरून खालच्या पातळीला, मधला उंचवटा ओलांडून गेले. तेव्हा ओढ नसली तरी हवेच्या दाबावर सायफन चालतो, हे निश्चित आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीने हा प्रयोग करू नका, ती लपेटा पाइपासारखी आत दबते.

निवृत्त अभियंता

सुरेख प्रयोग. मग दोन्ही एकत्र ठेवू. 2011 चा सायफन हवेच्या दाबाशिवाय चालतो आणि आपले कारंजे चिकटण्याच्या ओढीशिवाय चालते. दोन्हींत समान आहे ते एकच, खालची पातळी. ऊर्जा गुरुत्वाकर्षणाकडून येते. पाणी मध्येच तुटू न देण्याचे काम कधी हवा करते, कधी पाण्याची स्वतःची पकड करते.

ताईंच्या पेल्यापुरते बोलायचे तर हिशेब फार सोपा आहे. वळण तळापासून फार तर आठ सेंटिमीटर उंच असेल. 9.6 मीटरच्या तुलनेत हे एक टक्काही नाही. म्हणजे वळणातले पाणी ताणलेले नाहीच. ते फक्त बाकीच्या पाण्यापेक्षा एक टक्क्याने कमी दाबलेले आहे. पाण्याने पाण्याला ओढण्याची गरज त्यात कुठेच पडत नाही. त्यामुळे ताईंचा पहिला तर्क या पेल्याला लागू पडत नाही असे मला वाटते.

गोदाकाठ

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. अभियंताकाकांचे वाचल्यावर मी पहिला तर्क स्वतःही तपासला. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घातले. साबणाने पाण्याच्या पृष्ठभागाची ओढ बरीच कमी होते असे ऐकले होते. तांब्याने ओतल्यावर पेला पूर्वीइतक्याच वेळात रिकामा झाला. तेव्हा हा तर्क मी सोडून दिला आहे.

माझा मूळ प्रश्न मात्र अजून तसाच आहे. गळक्या नळाखालीही गुरुत्वाकर्षण आहे, हवा आहे, पातळ्यांतील फरकही आहे. मग पेला का अडतो? आता झोकाचा तर्क उरतो.

पेठरोड

झोकाचाच तर्क बरोबर असावा. सायकल वेगात आली की चढ ओलांडून जाते आणि हळू आली की चढावर अडते, त्यातलाच हा प्रकार आहे. वेगाने ओतलेल्या पाण्याच्या अंगात गती असते. थेंबात ती नसते.

प्रयोगवही

हे तपासता येईल. पाणी ओतण्याची गती आणि वळणावरून ओसंडण्याची गती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात. ताई, एक करा. पेला पायाच्या किंचित खाली भरून पाच मिनिटे स्वस्थ ठेवा, म्हणजे पाण्यात कसलीही हालचाल उरणार नाही. मग वरून पाणी न घालता त्यात आमटीचा मोठा डाव बुडवा. डावाने पाण्याची जागा घेतली की पातळी आपोआप वर चढेल. एकदा डाव झटकन बुडवा आणि एकदा अगदी सावकाश बुडवा.

गोदाकाठ

आज सकाळी सहा वेळा करून पाहिले, तीनदा झटकन आणि तीनदा सावकाश. डाव झटकन बुडवला की पाण्याला कोणीही जोराने ओतलेले नसताना तिन्ही वेळा पेला पूर्ण रिकामा झाला. डाव सावकाश, मनात पन्नास मोजत बुडवला, तेव्हा तिन्ही वेळा पाणी गळत राहिले आणि पातळी पायाशी थांबली. सावकाश बुडवताना मी पेला वर उचलून खालून पाहिले. धार नव्हती, पाणी भोकाच्या एका कडेने ओघळत होते आणि भोकाचा बाकीचा भाग मोकळा दिसत होता.

तांबट

हवा येण्याची वाट मिळाली! भोकाचा बाकीचा भाग मोकळा दिसला, हेच उत्तर आहे. आमच्या दुरुस्तीच्या पेल्यात हवा झाळेतल्या भोकातून शिरते. तुमच्या पेल्यात ती खालच्याच तोंडातून वर चढते, कारण ते तोंड पाण्याने भरलेलेच नाही.

प्रयोगवही

तांबटदादांचे म्हणणे डोळ्यांनी पाहता यावे म्हणून मी पारदर्शक पेला तयार केला. एका लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापला, तळाला भोक पाडले, त्यातून काचेची वाकवलेली नळी घातली आणि भोक मेणाने बुजवले. नळीचा व्यास आठ मिलिमीटर आहे, म्हणजे ताईंच्या पेल्याच्या नळीएवढाच. पाणी शाईने रंगवले.

संथ धारेत जे दिसते ते असे. पाणी आतल्या नळीत वळणापर्यंत चढते आणि वळणाच्या तळावरून, भरलेल्या बादलीच्या काठावरून ओसंडते तसे, पातळ थराने पलीकडे उतरते. उतरताना ते नळीच्या एकाच भिंतीला धरून राहते. नळीच्या मधोमध खालपासून वळणापर्यंत हवेचा अखंड खांब असतो. त्यामुळे वळणापाशी हवेचा दाब बाहेरच्याइतकाच राहतो. बाहेरची हवा आतल्या पाण्याला ढकलायला तयार असते, पण वळणापाशीही तेवढीच हवा समोर उभी असल्याने दोन्ही बाजू सारख्याच राहतात. अशा वेळी नळी हा सायफन राहत नाही, तो केवळ एक काठ असतो आणि काठापेक्षा वरचे पाणीच त्यावरून सांडते.

आता धार हळूहळू वाढवली. एका ठराविक मर्यादेपर्यंत थर नुसता जाड होत गेला. मग एका क्षणी उतरत्या नळीत पाण्याने आडवा पडदा धरला. तो बुचासारखा खाली सरकला आणि त्याने समोरची हवा खालून ढकलून बाहेर काढली. त्याच्या मागे वळणातला दाब कमी झाला, आतले पाणी उसळून वर आले, नळी काठोकाठ भरली आणि धार लागली. हे सारे पापणी लवण्याच्या आत घडते. मोबाइलवर संथ गतीचे चित्रण केल्याशिवाय मला ते नीट दिसले नाही. ताईंच्या डावाच्या प्रयोगात झटकन बुडवण्याने नेमके हेच होते, एकदम इतके पाणी काठावर येते की नळी तुडुंब भरते.

याचा रोजच्या वापरातला दाखला म्हणजे काही प्रकारच्या कमोडचा आहे. त्यात मगाने थोडे थोडे पाणी ओतत राहिलो तर पातळी तशीच राहते आणि तेवढेच पाणी एकदम बादलीने ओतले तर सगळे खेचले जाते. पूर्वी साखळी ओढायच्या बिडाच्या टाक्या असत, त्यांचेही मर्म हेच होते. साखळीने आतली घंटेच्या आकाराची टोपी वर उचलून खाली सोडली की पाणी एकदम नळीच्या काठावर लोटले जाई आणि मग टाकी आपोआप पूर्ण रिकामी होई.

निवृत्त अभियंता

यात आणखी एक भर घालतो. नळी अरुंद असेल तर हा पडदा लवकर धरला जातो, कारण चार-पाच मिलिमीटरच्या नळीत पाण्याचा पृष्ठताण थराला दोन्ही भिंतींपर्यंत ओढून बूच तयार करू शकतो. त्यामुळे ताईंचा पहिला तर्क सर्वस्वी वाया गेलेला नाही. पाण्याची ओढ पेला रिकामा करीत नाही, पण अरुंद नळीत ती सुरुवात करून देऊ शकते. ताईंच्या पेल्याची नळी त्या मानाने रुंद आहे म्हणून तिथे थेंबांनी काम होत नाही. बारीक नळीचा पेला मिळाला तर तो गळक्या नळाखालीही रिकामा होण्याची शक्यता आहे.

तांबट

याला अनुभवाचा दुजोरा देतो. आमच्या आजोबांच्या हातचे जुने पेले बारीक नळीचे आहेत आणि ते हळू ओतले तरी चालतात. नळी वाकवताना ती चपटी होऊ नये म्हणून आत राळ किंवा वाळू भरावी लागते, बारीक नळीत हे काम किचकट होते. म्हणून पुढे रुंद नळी वापरात आली असावी असा माझा अंदाज आहे. दुकानातला एक जुना पेला काढून उद्याच थेंबांखाली ठेवतो.

गोदाकाठ

नळाची तोटी थोडी थोडी उघडून मी आज पेल्याच्या तीन तऱ्हा पाहिल्या. अगदी बारीक धारेला पाणी पायाशी थांबते. त्याहून मोठ्या धारेला, म्हणजे साधारण मिनिटभरात पेला भरेल एवढ्या धारेला, पेला भरतो, रिकामा होतो, तळाशी हवा शिरून 'गुडगुड' होते, धार तुटते आणि तो पुन्हा भरू लागतो. हे घड्याळासारखे चालते. माझा नातू अर्धा तास मोरीत बसून फेऱ्या मोजत होता. आणि नळ पूर्ण सोडला की जेवढे पाणी वरून येते तेवढे खालून जाते, पेला ना भरतो ना रिकामा होतो. एकाच पेल्याच्या या तीन तऱ्हा इतकी वर्षे घरात असून कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या, याचे मला फार नवल वाटते.

द्राक्षबाग

ताईंची मधली तऱ्हा वाचून मला एक काम सुचले आहे. माझ्याकडे रोपांचा वाफा आहे. त्याला पाणी देणारी नळी फार बारीक चालते आणि ते पाणी सरीच्या तोंडाशीच मुरून जाते, टोकाच्या रोपांपर्यंत पोहोचत नाही. हेच पाणी दोनशे लिटरच्या ड्रममध्ये साठवून, ड्रम भरला की एकदम सोडता आले तर ते सरीच्या शेवटापर्यंत पळेल. मी ड्रमच्या तळाला टँक निपल (पाइप आरपार नेणारा आट्यांचा जोड) बसवून आत एक इंची पाइप उभा केला, वर दोन एल्बोंनी (काटकोनी जोडांनी) वळण दिले आणि आखूड तोंड तळाजवळ आणले, म्हणजे वासुदेवाचा पेलाच केला. पण मिनिटाला पाच लिटरच्या आवकेवर ताईंच्या मोरीतलेच घडले. ड्रम वळणापर्यंत भरला आणि मग नुसता पाझरत राहिला.

निवृत्त अभियंता

पाच लिटरचा थर एक इंची पाइपात पडदा धरायला अपुरा पडतो. आवक वाढवता येत नसेल तर खालून येणारी हवा बंद करा. ड्रमखालच्या पाइपाच्या तोंडाला एक एल्बो वरच्या दिशेने लावा, म्हणजे तिथे वाटीभर पाणी कायम साचून राहील आणि तोंड पाण्याखाली जाईल. वरून ओघळणारे पाणी आपल्याबरोबर हवेचे बुडबुडे ओढून त्या साचलेल्या पाण्यातून बाहेर टाकेल, पण बाहेरची हवा परत वर चढू शकणार नाही. आतली हवा कमी होत जाईल, तसे वळणातले पाणी वर येईल. ठराविक वेळाने आपोआप रिकाम्या होणाऱ्या सार्वजनिक मुताऱ्यांच्या टाक्यांतही अशाच पाण्याच्या अटकावाचा उपयोग करतात.

द्राक्षबाग

काल संध्याकाळी एल्बो लावला. पहिल्या वेळी ड्रम वळणापर्यंत भरला, एल्बोतून बुडबुडे येऊ लागले, पण धार लागली नाही. टॉर्च लावून पाहिले तेव्हा टँक निपलच्या आट्यांतून थेंब गळताना दिसला. तांबटदादांचे सुईएवढे भोक आठवले. टेफ्लॉनची पट्टी काढून नव्याने पाच वेढे दिले आणि पुन्हा नळी सोडली.

पाऊण तासाने ड्रम वळणाशी आला. एल्बोतून आधी सुटे बुडबुडे आले, मग बुडबुड्यांची माळ लागली, आणि मग एकदम घशातून आवंढा गिळल्यासारखा आवाज होऊन पाइप भरून धार लागली. पाच-सहा मिनिटांत ड्रम तळाला गेला आणि पाणी सरीच्या शेवटच्या रोपापाशी जाऊन साचले. रात्री मी दोनदा उठून पाहिले. दोन्ही वेळा ड्रम वेगवेगळ्या पातळीवर होता आणि सरीतली माती शेवटापर्यंत ओली होती. सकाळी मुलाला घेऊन ड्रमजवळ उभा राहिलो, तेव्हा पाणी वळणापासून चार बोटे खाली होते.